तीन वाद्यं, एक पगार

रेडिओच्या काळातल्या मराठी घरांना पाश्चात्त्य पद्धतीच्या चेंबर म्युझिकचा एकच तुकडा तोंडपाठ होता, आणि तो कुठून आला याची बहुतेकांना गंधवार्ता नव्हती. आकाशवाणी केंद्र सकाळी सुरू होताना तानपुऱ्यावर वाजणारी ती व्हायोलिनची धून. शिवरंजनीच्या सुरांतली ही रचना वॉल्टर कॉफमन या संगीतकाराच्या नावावर आहे, आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं सांगितलं जातं. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या त्रिकुटाची, म्हणजे पियानो ट्रायोची, आपल्याकडची अवस्था तपासायची तर सुरुवात या दोन नावांपासूनच करावी लागते.

कॉफमन १९०७ साली कार्ल्सबाडला जन्मलेला ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपात थांबण्यात अर्थ उरला नव्हता. व्हिसा सहज मिळत होता म्हणून तो १९३४ मध्ये मुंबईत आला. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काहीच कळेना. ज्या संगीतावर इतकी माणसं जीव टाकतात ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्यात असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. हा प्रामाणिकपणा त्या काळच्या युरोपियन माणसात दुर्मीळच. येऊन काही महिने होतात तोच त्याने ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. त्या दिवसांतलं एक छायाचित्र आहे : पियानोवर कॉफमन, हातात व्हायोलिन घेतलेले मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. एक निर्वासित, एक पारशी, एक इटालियन.

हे त्रिकूट कशावर जगत होतं? कॉफमनला १९३७ पासून रेडिओची नोकरी होती, युरोपियन संगीत विभागाची. चित्रपटांना आणि माहितीपटांनाही तो संगीत देत होता. श्रोतृवर्ग मुख्यतः पारशी आणि युरोपियन. या मंडळींनी तिकिटं काढली, जागा दिली, कौतुक केलं. दुसरं महायुद्ध संपलं आणि हा आधार भराभर सुटत गेला. कॉफमन १९४६ मध्ये निघाला. इंग्लंडमार्गे कॅनडात पोचला आणि विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा संचालक झाला. मेहली मेहता १९४५ मध्ये इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. परत आले, आणि पुन्हा गेले ते कायमचे : मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, फिलाडेल्फियाचं कर्टिस क्वार्टेट, शेवटी लॉस एंजेलिस, जिथे त्यांनी १९६४ मध्ये अमेरिकन यूथ सिंफनी स्थापली आणि ३३ वर्षं चालवली. मुलगा झुबिन जगप्रसिद्ध झाला, त्याचा आपण अभिमान बाळगतो. वडिलांना मुंबईत धड पोट भरता आलं नाही, हा भाग अभिमानाच्या भाषणांत सहसा येत नाही.

गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. १९५७ मध्ये कॉफमन इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचा अध्यापक झाला. उत्तर भारतीय रागांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ तिथलाच. त्याच संगीतशाळेत दोन वर्षं आधीपासून मेनाहेम प्रेसलर पियानो शिकवत होता. हाही जर्मनीतून पळालेला ज्यू. १९५५ मध्येच त्याने दोन साथीदारांसह ‘बो-झार ट्रायो’ सुरू केला. व्हायोलिनवादक बदलले, चेलोवादक बदलले, प्रेसलर मात्र २००८ पर्यंत, म्हणजे त्रिकूट विसर्जित होईपर्यंत, पियानोवर बसून होता. या ५३ वर्षांची थोरवी गाताना समीक्षक त्यांच्या सुरेलपणाबद्दल आणि एकमेकांचा श्वास ओळखण्याबद्दल लिहितात. ते खरंच आहे. पण प्रेसलरच्या खिशात विद्यापीठाचा पगार होता, हे लिहायला विसरतात. एकाच इमारतीत दोन माणसं : एकाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाले आणि त्रिकूट टिकलं, दुसऱ्याचं त्रिकूट मुंबईत मोडलं आणि त्यानंतर त्याला विद्यापीठाचा पगार मिळाला.

ट्रायोला इतकी वर्षं का लागतात, हे वाद्यांकडे पाहिलं तर समजतं. पियानोच्या स्वरावर हातोडी पडते आणि स्वर लगेच विरू लागतो. गजाचा स्वर हवा तितका फुगवता येतो. या दोन जाती मुळात जुळणाऱ्या नाहीत. चायकोव्हस्कीने तर पियानोबरोबर व्हायोलिन-चेलो आपल्या कानाला सोसवत नाहीत असं आपल्या आश्रयदात्रीला पत्रात कळवलं होतं, आणि पुढे थोड्याच काळात मित्र निकोलाय रुबिनस्टाइन वारल्यावर त्याच जोडणीत पाऊण तासाचा शोक लिहून काढला. हायडनच्या त्रिकुटांत चेलो बहुतांश पियानोच्या डाव्या हाताच्या मागे चालतो. १७९५ मध्ये छापलेल्या बेथोव्हेनच्या पहिल्या तीन ट्रायोंपासून चेलोला स्वतःचा कंठ फुटतो. आपल्याकडची संगत मुख्य कलाकाराभोवती फिरते, जुगलबंदीत चढाओढ असते. इथे तिघांपैकी कोणीच मुख्य नाही, आणि तरी कोणी मागे राहून चालत नाही. हे साधायला रोजचा सराव लागतो, तोही एकत्र. ठरवून भेटलेले तीन उत्तम वादक एका तालमीत ट्रायो ‘वाजवू’ शकतात. ऐकणाऱ्याला फरक दुसऱ्या ओळीतच कळतो.

मुंबईत वादकांची वाण कधीच नव्हती. गोव्यातून आलेले नोटेशन वाचणारे शेकडो वादक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवत होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं, आणि १९६५ मध्ये तेही अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल व्हिएन्नाला जाऊन ऑर्केस्ट्रात वाजवायच्या विचारात होते; लक्ष्मीकांत कुडाळकरांनी थांबवलं. हिंदी चित्रपटसंगीताचं त्यात भलं झालं, यात वाद नाही. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती मूळचे चेलोवादक. म्हणजे तिन्ही वाद्यं, तिन्ही पट्टीचे हात, एकाच शहरात, कित्येकदा एकाच स्टुडिओत. पण पैसे ‘शिफ्ट’वर मिळत होते, आणि शिफ्टमध्ये ब्राह्म्सला जागा नव्हती. १९९०च्या दशकात सिंथेसायझरने त्या शिफ्टही गिळल्या.

असं त्रिकूट मुंबईबाहेर तरी रुजेल का, हे पाहायला आता उत्तरेच्या पालघर जिल्ह्याकडे. १९६९ हे वर्ष या बाबतीत गमतीचं आहे. त्या वर्षी या जिल्ह्यातली तारापूरची अणुवीज केंद्रं सुरू झाली, होमी भाभांनी आखलेला प्रकल्प. त्याच वर्षी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राची स्थापना झाली. तिच्यामागे होमींचे धाकटे बंधू जमशेद. एका भावाचं काम बोईसरला, दुसऱ्याचं चर्चगेटला, मध्ये पश्चिम रेल्वेचा सुमारे शंभर किलोमीटरचा रूळ. होमी भाभांना पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं. वीज तारांमधून नरिमन पॉइंटपर्यंत पोचली. सूर उलट दिशेने आले नाहीत. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते खरी, पण संध्याकाळची मैफल संपवून रात्री बोईसरला परतणं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पाळीवर पाणी सोडणं.

एनसीपीएने २००६ मध्ये मरात बिसेनगालियेव या कझाक व्हायोलिनवादकाला घेऊन ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू केला. वादक सुरुवातीपासून मोठ्या प्रमाणावर परदेशी. याबद्दल नाकं मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या संस्थेने या देशात पहिल्यांदा अशा वादकांना बारमाही नोकरी दिली, रशियन पद्धतीने मुलं शिकवायला घेतली, आणि तिथल्या नोकरदार वादकांच्याच चेंबर मैफली आज ऐकाव्याशा होतात. त्यामागचं कारण वर आलंच आहे. तक्रार आहे ती वेगळी : ऑपेरा आणि भव्य सिंफनी यांचा गाजावाजा होतो, तीन माणसांची मैफल मात्र कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात पडते.

बोईसर-पालघरच्या सोसायट्यांत आणि वसाहतींत आज कीबोर्डचे क्लास आहेत. मुलं ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांना बसतात, प्रमाणपत्रं दिवाणखान्यात लागतात. या परीक्षांनी बोटं तयार केली, वाचन शिकवलं. आणि त्याच वेळी संगीत म्हणजे परीक्षकासमोर एकट्याने उरकायचे काही तुकडे, अशी समजूतही घट्ट केली. आठव्या ग्रेडपर्यंत पोचलेल्या मुलाने दुसऱ्या वाद्याबरोबर आठ मापं वाजवलेली नसतात. दहावी आली की तेही बंद.

जिल्ह्यात खरी पुंजी आहे ती दक्षिणेला, वसईत. तिथल्या ख्रिस्ती गावांत मराठीतून चर्चची गाणी गाणारे गायनवृंद आहेत, लग्नाच्या वरातींना ब्रास बँड आहेत, नोटेशन वाचणारी घरं आहेत. व्हायोलिन तिथे परकं नाही. अडतं ते चेलोपाशी. चित्रपटांच्या स्टुडिओबाहेर हे वाद्य आपल्याकडे कधी रुळलंच नाही. नॅन्सी कुलकर्णी यांच्यासारखी परदेशातून आलेली एखादी कलावंत झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे धृपद शिकते आणि चेलोवर वाजवते, तेवढाच त्याचा आपल्या मातीशी संबंध. शिक्षक विरळ, वाद्य महाग, आणि विरारच्या गर्दीत ते डब्यात चढवायचं कसं हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पियानोचीही अडचण आहेच. खाऱ्या, दमट हवेत खरा पियानो सुरात ठेवायला सतत खर्च येतो. त्यावर निदान उपाय आहे : ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

वसईतल्या एखाद्या धर्मग्रामाने किंवा तारापूरच्या एखाद्या कारखान्याने समाजकार्याच्या निधीतून एका चेलो शिक्षकाचा तीन वर्षांचा पगार उचलला, तर सुरुवात कशाने करावी याचं उत्तर सोपं आहे. हायडनचा जी मेजरमधला, जिप्सी ढंगाच्या शेवटच्या भागामुळे लोकप्रिय झालेला ट्रायो. पियानोवाल्याची त्यात दमछाक होते, व्हायोलिनला मिरवायला मिळतं, आणि चेलोचे बहुतेक स्वर पियानोच्या डाव्या हातात आधीच वाजत असतात. तीन वर्षं मन लावून शिकलेलं पोर तेवढं निभावू शकतं.