मुस्तफाचं हँडल

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "या वर्षी कविता भरपूर आल्यात. तुम्ही एखादं परीक्षण द्या. पुस्तक, नाटक, सिनेमा, काहीही चालेल." मी म्हटलं, जॉयस्टिकचं देतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "बरं, पण मराठीत लिहा" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. तर मंडळी, पुढे जे काही वाचाल त्याची अर्धी जबाबदारी त्यांची.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या साल्मियाच्या फ्लॅटमध्ये मी एक व्हिडिओ गेमचं मशीन बनवलं. दुकानातलं प्लेस्टेशन नव्हे, तर पूर्वी पार्लरमध्ये उभं असायचं तसं, लाकडी खोकं, वर तिरका स्क्रीन, खाली दोघांसाठी बटणं आणि जॉयस्टिक. आत एक छोटा काँप्युटर आणि 'मेम' नावाचं सॉफ्टवेअर. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर जुन्या मशीनच्या सर्किटची हुबेहूब नक्कल करतं. काँप्युटरचं काम दोन संध्याकाळींत झालं, कारण पोटासाठी मी तेच करतो. खोकं शुवेखच्या सुताराने चार दिवसांत दिलं. जॉयस्टिक निवडायला मात्र मला अडीच महिने लागले. बायकोच्या मते आमचं लग्न याहून कमी वेळात ठरलं होतं.

एवढा घोळ का, हे कळायला डोंबिवलीला जावं लागेल. साल १९९४-९५. स्टेशनजवळच्या गल्लीत एक पार्लर होतं. पत्र्याचं शटर अर्धं खाली, आत अंधार, एक रुपयाला एक टोकन. कॅपकॉम कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३ चा गेम होता, पण तुमच्यापैकी कुणीही त्याला या नावाने ओळखत नसेल. आपण त्याला 'मुस्तफा' म्हणायचो. गेममधल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफा कैरोवरून अख्ख्या हिंदुस्थानाने गेमचंच नाव बदलून टाकलं. तो गेम मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवरून काढलेला होता, हे मला बाहेरगावी एम.एस. करताना कळलं. आमच्या पार्लरमधला बोर्ड अस्सल होता की नक्कल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या मशीनच्या जॉयस्टिकला सगळे 'हँडल' म्हणत. डावीकडचं हँडल ढिलं, उजवीकडचं ताठ. मुस्तफाला पळवायचं असेल तर एकाच दिशेला दोनदा झटका द्यावा लागतो. डावीकडच्या हँडलवर तो दोनातून एकदाच पळे. त्यामुळे मोठी मुलं उजवीकडे उभी राहत आणि आम्ही लहान डावीकडे. वर्षभर मी स्वतःला खेळात कच्चा समजत होतो. एकदा भर दुपारी पार्लर रिकामं होतं म्हणून उजवीकडे उभा राहिलो आणि एका टोकनात तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलो, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. या लेखात मी ज्याची परीक्षा घेणार आहे ती गोष्ट हीच: हातातली वस्तू वाईट असली की माणूस दोष स्वतःला देतो.

आता आतला मामला. पार्लरच्या जॉयस्टिकमध्ये जादू काही नसते. एक लोखंडी दांडी, तिला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग, आणि चार बाजूंना चार स्विच. दांडी उजवीकडे गेली की उजवा स्विच दाबला जातो. कोपऱ्यात गेली की दोन स्विच एकदम दाबले जातात, म्हणजे तिरकी दिशा. अशा चार सरळ आणि चार तिरक्या मिळून आठ दिशा. दांडीच्या तळाशी एक चौकट असते, ती दांडीला किती आणि कुठे जाऊ द्यायचं ते ठरवते. चौकट सरळ चौकोनी बसवली की चार कोपरे तिरक्या दिशांना येतात आणि दांडी तिथे आपोआप जाऊन टेकते. तीच चौकट ४५ अंशांत फिरवली की कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरकी दिशा जवळपास बंद होते. सगळं भांडण या चौकटीचं, स्प्रिंगचं आणि स्विचचं आहे.

पहिली उमेदवार जपानची सान्वा. तिचं 'जेएलएफ' हे मॉडेल जगभर नावाजलेलं, फायटिंग गेमच्या स्पर्धा खेळणारी मंडळी तिच्याशिवाय दुसरं नाव घेत नाहीत. वर ३५ मिलिमीटरचा गोळा, हलकी स्प्रिंग, बोटांनी ढकलली तरी जाते. 'स्ट्रीट फायटर टू'मधल्या रियूचा तो हातातून निघणारा गोळा आठवतोय? खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा. (आमच्या कानांना 'आडुकेन' ऐकू यायचं.) ही पाव वर्तुळाची हालचाल सान्वावर लोण्यासारखी होते. पण माझं मत विचाराल तर हिची कीर्ती तिच्या गुणांपेक्षा थोडी जास्त आहे. स्प्रिंग इतकी मऊ की झटका देऊन सोडली तर दांडी मध्यावर थांबत नाही, किंचित पलीकडे जाऊन येते. मुस्तफाच्या दोन झटक्यांना ही सवय नडते. ज्यांनी ती नावाजली ते आपल्या खेळासाठी बरोबरच आहेत, फक्त त्यांचा खेळ तो आपला खेळ, असं धरून चालता येत नाही.

दुसरी सेमित्सु, तीही जपानी. 'एलएस-३२' मॉडेल. दांडीचा प्रवास कमी, स्प्रिंग कडक, मध्यावर परत येणं चटकन. विमानांच्या, गोळीबाराच्या गेमसाठी तिची शिफारस करतात, कारण तिथे गोळ्यांच्या पावसातून केसभर सरकायचं असतं. दिसायला सान्वाहून साधी, आवाज जरा जास्त. मी पहिल्यांदा हातात घेतली आणि दोन झटके दिले, आणि खरं सांगतो, डोंबिवलीचं उजवीकडचं हँडल! तशीच ठाम. माझा निकाल इथेच लागला होता, पण परीक्षकाने सगळे प्रवेश पाहिल्याशिवाय उठू नये.

तिसरी अमेरिकन पठडी, हॅप कंपनीची 'कॉम्पिटिशन'. वर गोळ्याऐवजी उलट्या पेरूसारखी मूठ, तिला तिकडे बॅट म्हणतात. ही बोटांनी खेळायची नाही, मुठीत धरून मनगटाने हाणायची. मुळात ती स्पेनच्या इंडस्ट्रियास लोरेन्झो कंपनीकडून बनून यायची, आणि जुने लोक अजून तीच शोधतात. एम.एस.च्या वर्षांत शनिवारी रात्री बोलिंगच्या दुकानात मी हिच्यावरच खेळलो, त्यामुळे पक्षपात व्हायला हवा होता. झाला नाही. प्रवास लांब, मनगट दुखतं, आणि स्विचची टकटक एवढी की पहिल्याच रात्री खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हसून विचारलं, घरात टायपिंगचा क्लास काढलाय का. पण एक गुण मान्य करायला हवा. ती जाड लाकडी फळीसाठीच बनवलेली आहे. जपानी जॉयस्टिक पत्र्यावर बसवायच्या बेताने केलेल्या असतात, १८ मिलिमीटरच्या एमडीएफवर लावल्या तर वर दांडी बोटभरच उरते. त्यांच्यासाठी फळी खालून कोरून पातळ करावी लागते. शुवेखच्या सुताराने हे ऐकल्यावर मला दोनदा विचारलं, "साहेब, नवीन फळी पोखरायची?"

कोरियन जॉयस्टिकमध्ये स्प्रिंगच्या जागी रबर असतं. 'टेकन' खेळणारे तिच्यावर जीव टाकतात, मला ती चिखलात काठी फिरवल्यासारखी वाटली. जुन्या पत्तीच्या स्विचवाल्या जॉयस्टिक, म्हणजे दोन तांब्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात त्या, आवाज अजिबात करत नाहीत आणि हाताला फार गोड लागतात. पण त्या पट्ट्या उघड्या असतात. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. बंद खिडकीतून, एसीच्या फटीतून येऊन टीव्हीवर बसणारी ही पिवळी धूळ त्या पट्ट्यांना सोडेल? दर महिन्याला घासत बसावं लागलं असतं. कुवेतमध्ये बंद डबीतला मायक्रोस्विचच बरा. आणि एका बिननावाच्या स्वस्त किटमधली जॉयस्टिकही आणून पाहिली, तिची दांडी सहा आठवड्यांत एका बाजूला झुकली. तिच्याबद्दल इतकंच.

कुवेतचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना इथे वीस वर्षं राहूनही ती ठाऊक नसते. १९८२ मध्ये मोहम्मद अल-शारेख या कुवेती उद्योजकाने 'सख्र' सुरू केली आणि ऐंशीच्या दशकात जपानी बनावटीचे एमएसएक्स काँप्युटर अरबी अक्षरांसकट घरोघरी पोचवले. माझ्या ऑफिसातले एक कुवेती सहकारी, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, त्या सख्रवर कोनामीचे गेम खेळून मोठे झाले. १९९० च्या आक्रमणानंतर कंपनीचं काम कैरोला गेलं, अल-शारेख २०२४ मध्ये वारले. माझ्या मशीनबद्दल ऐकून हे गृहस्थ एका शुक्रवारी घरी आले, चहा घेतला, सेमित्सु हलवून पाहिली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण पॅकमॅनसाठी चुकीची आहे." तेव्हा मला ते पटलं नाही.

पटवून दिलं आईने. ती व्हिजिट व्हिसावर आली होती. वय त्र्याहत्तर, बोटांत संधिवात. दुपारी मुलं शाळेत, बाहेर ४८ अंश, टीव्हीवरच्या मालिका संपलेल्या. मी तिला पॅकमॅन लावून दिला. १९८० चा गेम, एक बटणही नाही, फक्त जॉयस्टिक. तिला कल्पना लगेच कळली. भुतं मागे लागतात, ठिपके खायचे, वळणावर वळायचं. पण वळणावरच ती अडकत होती. वर जायचं तर हा पठ्ठ्या सरळ पुढे. तिसऱ्या डावाला तिने हात काढून घेतला. "मला नाही बाई जमत. आता या वयात कुठे."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. ती वर ढकलत होती, पण हात किंचित उजवीकडे झुकत होता आणि दांडी चौकटीच्या कोपऱ्यात जाऊन बसत होती. वर आणि उजवीकडे, दोन्ही स्विच एकदम. पॅकमॅनच्या मूळ मशीनवर चारच दिशांची जॉयस्टिक होती, तिरकं असं काही त्या गेमच्या जगातच नाही. मेम सॉफ्टवेअर अशा वेळी दोनांतली एक दिशा निवडून वेळ मारून नेतं, पण हाताच्या मनात कोणती होती हे त्याला कसं कळणार? म्हणजे माझ्या आईला मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं डोंबिवलीचं डावं हँडल दिलं होतं. (हिशेब चुकला, तीस वर्षांपूर्वीचं. पण गेमच्या वयाने मोजलं तर पंचेचाळीस.) आणि ती दोष आपल्या वयाला देत होती.

इथे मला माझ्याच परीक्षणातली चूक दिसली. मी अडीच महिने 'सगळ्यांत चांगली जॉयस्टिक कोणती' हे विचारत होतो. हे म्हणजे पेटी चांगली की तबला, असं विचारण्यासारखं आहे. पॅकमॅन आणि 'डाँकी काँग' चार दिशांसाठी रचलेले. 'गलागा'त फक्त डावं-उजवं. 'क्यूबर्ट'मध्ये जॉयस्टिकच ४५ अंशांत फिरवून बसवलेली, कारण त्यातला प्राणी तिरक्याच उड्या मारतो. 'रोबोट्रॉन'ला एका खेळाडूला दोन जॉयस्टिक, एक चालायला आणि एक गोळ्या झाडायला. 'अॅस्टेरॉइड्स'ला तर जॉयस्टिकच नाही, नुसती बटणं. प्रत्येक गेम करणाऱ्याने हाताचा विचार पडद्याच्या बरोबरीने केला होता. आपण आठ दिशांच्या एका दांडीवर सगळे गेम चालवतो तेव्हा ते चालतात, पण कीर्तन लाउडस्पीकरवरून तीन गल्ल्या पलीकडे ऐकावं तसे.

यावर तोड म्हणून दोन्हीकडून चालणाऱ्या जॉयस्टिक मिळतात. अल्टिमार्क या इंग्रजी कंपनीची एक वरूनच उचलून फिरवली की आठाची चार दिशांची होते, दुसरीत मोटर बसवलेली असून ती गेम पाहून आपोआप चौकट फिरवते. हुशारी वाखाणण्यासारखी. माझ्या मुलाचं मत मोटरवालीला होतं, आणि तो ते अजून सोडत नाही. त्याचं म्हणणं, एका जागी एकच दांडी हवी, पॅनेल देखणं दिसतं. माझं म्हणणं, मोटर बिघडली की आजीने कुणाला विचारायचं? आणि उचलून फिरवायची कुणाच्याही लक्षात राहत नाही.

शेवटी पॅनेल पुन्हा केलं. डावी-उजवीकडे दोन सेमित्सु, मुस्तफासाठी आणि बाकी सगळ्यांसाठी. मधोमध, थोडी वर, तिसरी: सान्वा जेएलएफ, जिच्यावर मी वर एवढी टीका केली तीच, चौकट ४५ अंशांत फिरवून. मऊ स्प्रिंग इथे गुणाची ठरली, कारण संधिवाताच्या बोटांना ती ढकलता येते. गोळा काढून त्यावर अमेरिकन पद्धतीची बॅट चढवली, कारण आईला गोळा चिमटीत धरवेना, मुठीत बॅट बसली. शुद्धतावादी नाक मुरडतील. सुताराने मधलं भोक पाडताना विचारलं, खेळणारे दोन आणि हँडल तीन का? मी सांगितलं, तिसरं आईचं आहे. मग त्याने कडा पॉलिश पेपरने दोनदा घासून दिली आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

आई परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिसऱ्या बोर्डापर्यंत पोचली होती. परवा फोनवर तिने आधी मुलांची चौकशी केली, मग विचारलं, मधल्या हँडलला कुणी हात लावत नाही ना?