नीमचे चौकोनी घर

दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरात एक रोमन देऊळ आहे, आणि त्याच्याविषयी लिहिणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या दोन-तीन वाक्यांतच 'सुस्थितीतले' हा शब्द वापरतो. प्रवाशांसाठीच्या पुस्तिका वापरतात, कलेच्या इतिहासाचे जाडजूड ग्रंथ वापरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हे देऊळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हाही भर त्याच गुणावर होता. मराठी प्रवासवर्णनांत अशा जागी 'काळाशी झुंज देत उभे' हा ठरलेला शब्दप्रयोग येतो. देऊळ पाहून आल्यावर आणि त्याच्यावरचे लेखन बऱ्यापैकी वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की या देवळाने काळाशी झुंज वगैरे काही दिलेली नाही. ते दर काळाच्या कामाला आले, म्हणून टिकले. आणि आज ज्याला आपण त्याचे मूळ रूप समजून पाहतो, त्यातला बराच भाग एकोणिसाव्या शतकाने ठरवलेला आहे.

फ्रेंचमध्ये त्याचे नाव मेझाँ कारे, म्हणजे 'चौकोनी घर'. लांबी सुमारे साडेसव्वीस मीटर, रुंदी साडेतेरा. म्हणजे समचौकोन नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये काटकोन असलेल्या कुठल्याही आकृतीला 'कारे' म्हणत, त्यातून हे नाव पडले. मला त्यातला दुसरा शब्दच अधिक सूचक वाटतो, 'घर'. कित्येक शतके नीमकरांना हे देऊळ आहे याची आठवण ठेवण्याची गरजच पडलेली नव्हती.

देवळाला जवळपास तीन मीटर उंचीचे जोते आहे आणि चढायला फक्त समोरून पंधरा पायऱ्या. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने सांगून ठेवले आहे की पायऱ्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे पहिल्या पायरीवर उजवा पाय पडला की वर पोचतानाही उजवाच पडतो. मी मोजत चढले. हिशेब बरोबर आहे. वर दहा मोकळ्या खांबांचा खोल मुखमंडप, त्यामागे दार, आणि दारामागे एकच खिडकी नसलेला गाभारा. मी गेले तेव्हा त्या गाभाऱ्याचे छोटे चित्रपटगृह केलेले होते आणि शहराच्या जन्माची कथा मोठ्या आवाजात चालू होती. पुष्कळांना हे विटंबनेसारखे वाटेल. मला तसे वाटले नाही, ते का हे पुढे येईलच.

आपली सवय प्रदक्षिणेची. देऊळ दिसले की पाय आपोआप डावीकडून वळतात. इथे ती सोय नाही. बाहेरून पाहिले तर चारी बाजूंनी खांबांची रांग दिसते, एकूण तीस. पण त्यातले वीस भिंतीत अर्धे बुडालेले आहेत. ग्रीक देवळात खांब आणि भिंत यांच्यामध्ये चालायला वाट असते. इथे ती वाट गाभाऱ्याने गिळून टाकली आहे आणि खांब भिंतीवर आठवणीपुरते उरले आहेत. ही रीत व्हिट्रुव्हियसला ठाऊक होती. ग्रीक वास्तूंच्या प्रेमात असलेले समीक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहत आले आहेत: भार न वाहणारा खांब म्हणजे खोटे बोलणारा खांब, असा त्यांचा सूर. देवळाला बाजू आणि पाठ आहे ती नावापुरती. सगळे बळ दर्शनी भागात एकवटलेले. यज्ञाची वेदीही बाहेर, उघड्यावर. गर्दी खाली चौकात उभी राहायची आणि मान वर करून पाहायची. आत शिरणे हा या धर्मातला मुख्य अनुभव नव्हताच.

आणि मान वर केल्यावर काय दिसायचे? बाजूंच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी आहे, रोममधल्या ऑगस्टसच्या शांतिवेदीवरच्या वेलींची सख्खी बहीण शोभावी अशी. दर्शनी भागावर मात्र वेल नाही. तिथे अक्षरे होती, काशाची, खिळ्यांनी ठोकलेली. ती मध्ययुगात केव्हातरी काढून नेली गेली आणि दगडात नुसती भोके राहिली. शेकडो वर्षे कोणालाच नीट माहीत नव्हते की हे देऊळ कोणाचे. १७५८ मध्ये झाँ-फ्रांस्वा सेगिये या नीमच्याच विद्वानाने, जो मुळात वनस्पतिशास्त्रातला माणूस, त्या भोकांची नक्कल उतरवून घेतली आणि कुठल्या अक्षराला कुठे खिळे लागतील याचा ताळा मांडून मजकूर पुन्हा उभा केला. फुलाच्या पाकळ्या मोजून कुळ ठरवणाऱ्याला हे जमावे यात मला नवल वाटत नाही. त्याच्या वाचनाप्रमाणे देऊळ अर्पण केले आहे गायस आणि लुसियस या दोन राजपुत्रांना, ऑगस्टसच्या पुत्रांना, 'तरुणांच्या अग्रणींना'.

हे दोघे ऑगस्टसचे नातू. मुलगी युलिया आणि तिचा नवरा, म्हणजे सम्राटाचा जुना मित्र आग्रिप्पा, यांची मुले. ऑगस्टसला स्वतःचा मुलगा नव्हता. इ. स. पूर्व १७ मध्ये त्याने दोघांना दत्तक घेतले आणि साम्राज्यभर त्यांची नावे वारस म्हणून मिरवली. लुसियस इ. स. २ मध्ये वारला, अठराव्या वर्षी, मार्सेयमध्ये. नीमपासून हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. दीड वर्षात, इ. स. ४ मध्ये, पूर्वेच्या मोहिमेवर जखमी झालेला गायसही आशिया मायनरमध्ये गेला, तेवीस वर्षांचा. इटलीतल्या पिसा शहराने केलेले दुखवट्याचे ठराव दगडावर कोरलेले मिळाले आहेत; गायसच्या मृत्यूनंतर तिथल्या लोकांनी सुतकी कपडे घालावेत आणि देवळे, स्नानगृहे, दुकाने बंद ठेवावीत असे त्यात ठरले आहे. गादी शेवटी टायबेरियसकडे गेली. म्हणजे देवळाच्या कपाळावर जे भविष्य काशात लिहिले होते ते अक्षरे चकाकत असतानाच खोटे ठरले. ज्या राजकीय कामासाठी इमारत उभी राहिली ते काम जेमतेम काही वर्षे टिकले. इमारत दोन हजार वर्षे.

सेगियेचे वाचन सर्वमान्य आहे असे मात्र नाही. २००१ मध्ये जेम्स अँडरसन या अमेरिकन अभ्यासकाने भोकांच्या पुराव्यावर आणि कोरीवकामाच्या शैलीवर शंका घेऊन देऊळ शतकभराने उशिराचे असावे असा मुद्दा मांडला. रॉबेर आमी आणि पिएर ग्रो यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला देवळाचा सविस्तर अभ्यास ऑगस्टसच्या काळाच्या बाजूने आहे आणि बहुतेक अभ्यासक अजून तिकडेच झुकतात. मलाही वेलींचे साम्य पाहता जुना काळ पटतो. पण लक्षात घेण्यासारखे हे, की ज्या वास्तूला आपण सुस्थितीतली म्हणतो तिचे नाव, जन्मसाल आणि देवता या तिन्ही गोष्टी भोकांवरून ओळखाव्या लागतात. टिकले ते शरीर.

ते का टिकले? भिंतीत बुडालेल्या त्या 'खोट्या' खांबांकडे परत यावे लागते. ग्रीक पद्धतीचे मोकळ्या खांबांचे देऊळ वापरातून गेले की दगडांची आयती खाण होते. इथे मात्र चार जाड भिंतींची, एका दाराची, कोरडी, मजबूत पेटी होती. ती कोणाला नको? मध्ययुगात नगराच्या कारभाऱ्यांनी तिथे कचेरी थाटली. सोळाव्या शतकात ती खासगी मालकाकडे गेली आणि पुढे तिथे चक्क घोडे बांधले गेले. १६७० च्या सुमारास ऑगस्टिनियन साधूंनी तिचे चर्च केले. कोलबेर या चौदाव्या लुईच्या मंत्र्याने सगळे देऊळ दगड दगड मोजून व्हर्सायला हलवायचा बेत केला होता, अशी एक कथा सांगतात. मग राज्यक्रांती, सरकारजमा, जिल्ह्याची कचेरी, दप्तरखाना. १८२० च्या दशकात संग्रहालय. यातल्या प्रत्येकाला छप्पर गळायला नको होते, म्हणून प्रत्येकाने ते शाबूत ठेवले. समीक्षकांनी ज्या गुणाला दोष म्हटले, त्यानेच ही वास्तू वाचवली असे मला वाटते. गाभाऱ्यातला चित्रपट मला खटकला नाही तो यामुळे. भाडेकरूंच्या लांब यादीत तो शेवटचा, आणि घोड्यांपेक्षा शांत नसला तरी स्वच्छ.

खरी मोडतोड जतनाच्या नावाखाली झाली. एकोणिसाव्या शतकापर्यंत देवळाला इतर इमारती चिकटलेल्या होत्या, मठाच्या आणि आणखी कशाकशाच्या. संग्रहालयाच्या काळात त्या पाडून टाकल्या. मुखमंडपाचे आजचे छत त्याच शतकातले, रोमन धाटणीचे. भलेमोठे दार १८२४ चे. देऊळ एकदाचे 'मोकळे' झाले, चारी बाजूंनी फोटो काढता येईल असे. पण रोमन काळात ते असे कधी मोकळे नव्हते. ते नगरचौकात उभे होते आणि त्याच्या भोवती खांबांच्या ओवऱ्या होत्या. त्यांचे अवशेष त्याच सुमाराच्या उत्खननात सापडले. म्हणजे शेजारची मध्ययुगीन घरे अस्सल नाहीत म्हणून पाडली आणि त्यांच्या जागी आणला तो एकटेपणा, जो अस्सल कधीच नव्हता. माझी तक्रार असलीच तर ती इथे आहे.

मोकळे, एकटे, शुभ्र देवालय ही कल्पना पाडापाडीच्या आधीच लोकांच्या डोक्यात तयार होती, आणि तिचा मोठा वाटेकरी थॉमस जेफरसन. तो पॅरिसमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी असताना व्हर्जिनिया राज्याच्या विधानभवनाचा आराखडा त्याच्याकडे आला. क्लेरिसो या चित्रकार-स्थापत्यकाराचे नीमच्या वास्तूंवरचे रेखाटनांचे पुस्तक १७७८ मध्ये निघाले होते. जेफरसनने त्याच क्लेरिसोला हाताशी धरले, मेझाँ कारेवर बेतलेला आराखडा केला, आणि प्लास्टरची प्रतिकृती करून जहाजाने रिचमंडला धाडली. देऊळ त्याने तोवर पाहिलेलेच नव्हते. पाहिले ते नंतर, मार्च १७८७ मध्ये. तेव्हा त्याने एका मैत्रिणीला लिहिले, की प्रियकर प्रेयसीकडे पाहतो तसा आपण तासन्‌तास या वास्तूकडे पाहत बसलो आहोत. आजूबाजूचे मोजे विणणारे आणि रेशीम कातणारे आपल्याला काय समजत असतील, अशी थट्टाही केली. पत्र लोभसच आहे. पण त्या दिवशी त्याच्यासमोर होते ते साधूंचे चर्च, मठाला जोडलेले. त्याला दिसले रोमन देऊळ. प्रेमात असे होते, हे मान्य. पण त्या नजरेने पुढे किती घरे पाडली याचा हिशेबही मांडायला हवा.

विणकरांवरून आठवले: 'डेनिम' हा शब्द 'द नीम', म्हणजे नीमचे कापड, यावरून आला असे बहुतेक कोश सांगतात. त्याचे भावंड 'डंगरी' आले आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. हे शहर आपल्याला वाटते तितके लांबचे नाही.

जेफरसनने कोरिंथियन स्तंभशीर्षे बदलून सोपी आयोनिक घेतली, गाभाऱ्याच्या जागी मजले आणि खिडक्या आणल्या. जे उचलले ते जोते, मुखमंडप आणि वरचा त्रिकोण. सरकार कसे दिसावे याचा एक साचा तयार झाला. त्याच वर्गातला दर्शनी भाग मुंबईच्या टाउन हॉलला, १८३३ मध्ये पुऱ्या झालेल्या, ग्रीक डोरिक खांबांचा. एशियाटिकच्या त्या पायऱ्यांवर गप्पा मारत बसलेल्यांना ठाऊक असेल, की चढून जाणाऱ्याला थोडे लहान करणे हे अशा पायऱ्यांचे काम आहे. आपण त्यांच्यावर बसून ते काम मोडीत काढले, ही मला मुंबईने केलेली उत्तम वास्तुसमीक्षा वाटते. नीममध्येही संध्याकाळी मुले देवळाच्या पायऱ्यांवर बसलेली असतात.

देवळासमोर रस्त्यापलीकडे नॉर्मन फॉस्टरने बांधलेली कारे दार ही इमारत आहे, १९९३ ची. ग्रंथालय आणि आधुनिक कलेचे संग्रहालय. तिचे जवळपास अर्धे मजले जमिनीखाली घातले आहेत, की देवळाच्या डोक्यावरून मान वर निघू नये. पुढे बारीक पोलादी खांबांवर पातळ छत. देवळाशी बोलणारी इमारत म्हणून तिचे कौतुक होते आणि ते रास्त आहे: नक्कल न करता तिने प्रमाण तेवढे उचलले. पण त्या जागेवर आधी शहराचे नाट्यगृह होते, त्यालाही खांबांची रांग होती, देवळाच्या समोर देवळासारखीच. १९५२ मध्ये नाट्यगृह जळाले. खांब मात्र वाचले आणि आणखी तीसेक वर्षे तिथेच उभे होते. फॉस्टरच्या इमारतीसाठी ते काढावे लागले, तेव्हा वाद झाला. हे खांब रोमन नव्हते, एकोणिसाव्या शतकातली रोमन धाटणीची नक्कल होती. पण देवळाच्या मुखमंडपाचे छतही त्याच शतकातले आणि त्याच धाटणीचे, आणि त्याला कोणी हात लावायचे सुचवले नाही.

खांब फेकून दिले नाहीत. शहराच्या दक्षिणेला काइसार्गजवळ महामार्गावर गाड्यांसाठी एक विसावा आहे, तिथे हिरवळीच्या लांब पट्ट्याच्या टोकाला ते पुन्हा उभे केले आहेत. आर्लला जाताना आमची गाडी तिथे थांबली. मागे इमारत नाही, वर छप्पर नाही. ट्रकवाले सावलीला बसून डबा खात होते, आणि एका बाईने आपल्या मुलाला विचारले, 'हे देऊळ कुठल्या देवाचे असेल रे?'