दिवाळीचा किल्ला आणि राहून गेलेला डाव

ऐतिहासिक लढाया लहान आकाराच्या शिपायांच्या साहाय्याने मेजावर मांडायच्या, आणि आधी ठरलेल्या नियमांनुसार दोन पक्ष करून मित्रांनी त्या खेळायच्या, ही कला युरोपात गेल्या दोनशे वर्षांत वाढली. तिला तेथे 'वॉरगेम' म्हणतात. येथे तिला 'युद्धखेळ' म्हणू. महाराष्ट्रात या कलेची निम्मी बाजू घरोघरी, कोणी मुद्दाम न शिकवता, पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे, आणि ती बाजू म्हणजे दिवाळीचा किल्ला. त्यात भूप्रदेश आहे, तटबंदी आहे, तोफा आहेत, पहाऱ्यावरचे मावळे आहेत; नाही तो डाव. जेथे खेळ सुरू व्हायचा तेथे आपल्याकडे तो संपतो आणि प्रदर्शन सुरू होते. ही थांबण्याची जागा कशी ठरली आणि अलीकडच्या स्पर्धांनी ती कशी पक्की केली, हे पाहिल्याशिवाय या कलेच्या आजच्या स्थितीबद्दल काही नेमके म्हणता येत नाही.

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, रेल्वेचे रूळ आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या कोपरीत काय, किंवा कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या चाळींत काय, किल्ल्याची घडण बरीचशी सारखीच असते. सहामाही परीक्षा संपली की मुले विटा, दगड आणि फुटक्या कुंड्या गोळा करून उतार रचतात, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यावर पसरतात, म्हणजे कड्यांना आपोआप घड्या पडतात, आणि वरून माती लिंपून माची व बालेकिल्ला वेगळे काढतात. माची म्हणजे गडाच्या डोंगराची मधली सपाटी, आणि बालेकिल्ला म्हणजे तिच्याही वरचा, शेवटच्या आश्रयाचा भाग. अळीव किंवा मोहरी आठवडाभर आधी पेरली तर नरक चतुर्दशीपर्यंत डोंगर हिरवा होतो. उशीर झाला तर किल्ला भाऊबीजेपर्यंत बोडकाच राहतो. तळ्याच्या जागी आरसा, वाटेसाठी विटेचा चुरा, तटाला गेरू. आता अंगणांत पेव्हर ब्लॉक आल्यामुळे माती रोपवाटिकेतून पिशवीने विकत आणावी लागते, आणि ज्या इमारतींत तेवढाही खटाटोप नको असतो तेथे प्लास्टरचा तयार किल्ला बाजारातून येतो. त्याला कलाकृती म्हणणे कठीण आहे, कारण त्यात करणाऱ्याने एकही निर्णय घेतलेला नसतो.

शिपायांची गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. साच्यातून काढून रंगवलेले मातीचे वा प्लास्टरचे मावळे, ढाल-तलवार घेतलेले, भाला टेकून उभे असलेले, तुतारी फुंकणारे, आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ही या सैन्याची नेहमीची रचना. महाराजांची मूर्ती महाद्वारापेक्षा उंच असते, मावळा तटापेक्षा उंच असतो, आणि गुहेतला वाघ दोन मावळ्यांएवढा. युद्धखेळाच्या जगात हे चालत नाही. तेथे माप आधी ठरते, उदाहरणार्थ अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा शिपाई, आणि असा एक शिपाई वीस किंवा पन्नास प्रत्यक्ष सैनिकांच्या ठिकाणी आहे असे मानले जाते. तरीही किल्ल्यातील हे विसंगत माप हा दोष मानण्याची घाई करू नये. जुन्या चित्रांतही राजा प्रजेपेक्षा मोठा काढला जाई. मोठेपण उंचीने दाखवायची ती रीत आहे आणि मुलांना ती न सांगता कळते. अडचण एवढीच की ज्या सैन्याला स्वतःच्याच दरवाजातून आत जाता येत नाही, त्याला हलवता येत नाही.

हलवण्याची कल्पना युरोपात कशी रुजली ते थोडक्यात पाहणे उपयोगाचे ठरेल. प्रशियाच्या राजाला १८१२ साली राइसविट्स नावाच्या सरदाराने एक मेज सादर केले, ज्यावर डोंगर, नद्या आणि गावे असलेल्या चौकोनी फरश्या हव्या तशा जुळवता येत. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्या खेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांना शत्रूचे फक्त तेवढेच तुकडे दिसत जेवढे प्रत्यक्ष रणांगणावर दिसले असते, बाकीचे मधला पंच जाणत असे, आणि चकमकीचा निकाल फाशांवर व तक्त्यांवर ठरे. पुढे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ सेनापतींच्या खोलीतून घरच्या जमिनीवर आणला. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी काडी उडवून शिपाई पाडायचे, असा त्याचा साधा नियम होता. हा युद्धविरोधी लेखक खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे खेळातून दाखवू पाहत होता, आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. डोनाल्ड फेदरस्टोन याच्या १९६२ सालच्या पुस्तकानंतर ब्रिटनमध्ये या छंदाला घरगुती प्रतिष्ठा आली, आणि अमेरिकेतील मध्ययुगीन लढायांच्या नियमांतून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनारम्य खेळ जन्मला, ज्याचे वारस आजच्या संगणकी खेळांत सापडतात.

या सगळ्या परंपरेत एक गोष्ट गृहीत असते: मेजाच्या पलीकडे कोणीतरी बसलेले असते. दिवाळीच्या किल्ल्यात नेमके तेच नाही. बाजारात मावळे शेकड्याने मिळतात, पण वेढा घालणारे सैन्य मिळत नाही. ना मोगल घोडेस्वार, ना आदिलशाही पठाण, ना पोर्तुगीज बंदूकधारी, ना कंपनीची पलटण. अपवाद अफझलखानाचा, आणि तोही वधाच्या प्रसंगात कोसळतानाच दिसतो. त्यामुळे आपल्या किल्ल्यावरचा पहारा अखंड आहे आणि त्यावर चालून येणारे कोणीच नाही. भक्तीच्या दृष्टीने ही रचना पूर्ण आहे. इतिहास समजण्याच्या दृष्टीने ती अपुरी आहे, कारण शत्रू बलाढ्य, सुसज्ज आणि चतुर होता हे दिसल्याशिवाय त्याच्यावर मिळवलेल्या विजयाचे मोल कळत नाही. खानाची बाजू कोणी खेळायची हा प्रश्न आला की मुलांमध्ये भांडण होते आणि मोठ्यांना संकोच वाटतो. वास्तविक बुद्धिबळात काळी मोहरी घेणाऱ्याची निष्ठा कोणी तपासत नाही.

किल्ला स्पर्धांनी या कलेला दुसरे वळण दिले. मंडळे, पक्ष, सोसायट्या आणि शाळा भरवत असलेल्या या स्पर्धांत कल्पनेतला किल्ला मागे पडून रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्या हुबेहूब प्रतिकृती पुढे आल्या. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वारशातील बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यानंतर या ओढीला आणखी बळ आले असल्यास नवल नाही. याचा लाभ खरा आहे. चिलखती बुरूज म्हणजे एका बुरुजाबाहेर बांधलेला दुसरा, हे आता शाळकरी मुलाला ठाऊक असते. गोमुखी दरवाजा म्हणजे दोन बुरुजांच्या कवेत लपवलेले प्रवेशद्वार, जेथे वाट एकदम वळत असल्याने हत्तीला धडक मारण्यासाठी धाव घेता येत नाही आणि चालून येणाऱ्यावर वरून दोन्ही बाजूंनी मारा होतो, हेही मुले टाचणीला लावलेल्या कागदी फलकाकडे बोट दाखवून घडाघडा सांगतात. पण सांगतात ती पाठ केलेली माहिती. हेच ज्ञान खेळात नियम म्हणून आले असते: त्या वळणावर हल्लेखोराची चाल निम्मी, आणि तटावरच्या बंदुकांना दोन फासे जास्त. मग दोन डावांत मुलाला कळले असते की हिरोजी इंदुलकरांसारख्या बांधणाऱ्याने दगडात नेमका कोणता विचार चिणून ठेवला होता. परीक्षक फलकावरचे शुद्धलेखन पाहतात, हे वळण मात्र कोणी वापरून पाहत नाही.

काळाच्या बाबतीतही हीच एकसुरी निवड दिसते. गौतमीपुत्र सातकर्णी आणि नहपान यांचा संघर्ष, देवगिरीवर १२९६ साली आलेली अल्लाउद्दीनाची स्वारी, पेशवाईतील मोहिमा, इंग्रजांशी झालेली युद्धे, यांपैकी काहीही अंगणात उतरत नाही; सैन्य नेहमी सतराव्या शतकातले. एका अर्थाने हे समजण्यासारखे आहे, कारण किल्ला हा विषयच त्या शतकाचा आहे. परंतु मराठ्यांच्या ज्या लढाया खेळ म्हणून सर्वांत समृद्ध आहेत त्या मोकळ्या मैदानातल्या आहेत. १७२७-२८ मधील पालखेडचीच मोहीम घ्यावी: बाजीरावाने निजामाशी मोठी लढाई दिलीच नाही, त्याच्या जड तोफखान्यापासून त्याला दूर ओढले, पाणी आणि रसद तोडली आणि मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडून घेतला. असा विजय मांडताना शिपाई किती पडले याचा हिशेब निरुपयोगी ठरतो. मोजायची असते घोड्यांची दौड, तहानेचे दिवस आणि शत्रूला नसलेली बातमी. असे नियम लिहिणे अवघड आहे, आणि त्यातच त्यांचे आकर्षण आहे.

पानिपतासाठी दुसरे साधन लागते. युद्धखेळात 'मनोधैर्याची कसोटी' असते, म्हणजे एखाद्या तुकडीचे ठरावीक प्रमाणात नुकसान झाले वा तिचा नायक पडला की फासे टाकून ती टिकते की मागे फिरते हे ठरवतात. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाने रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती, आणि विश्वासराव पडल्यानंतर चित्र पालटले, हा क्रम या एका नियमाने जितका जिवंत होतो तितका वर्णनाने क्वचितच होतो. अर्थात मेजावर मांडायची तर लढाई सकाळी सुरू करून चालणार नाही. आधीच्या दोन महिन्यांची उपासमार आणि सैन्यासोबतची बिनलढाऊ माणसे नियमांत यायला हवीत. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ हाताशी असता हे काम अशक्य नाही. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई तर परदेशी खेळगड्यांनी कधीच आपलीशी केली आहे: केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे आहेत, तेव्हा मध्ये नदी ओलांडण्याजोगा उतार असणारच, हा इंग्रज सेनापती वेलस्लीचा तर्क, मराठी कवायती पलटणींनी अनपेक्षित चपळाईने बदललेली आघाडी, आणि तोफांजवळ अखेरपर्यंत टिकलेले गोलंदाज, असे सगळे नाट्य तिच्यात आहे. मराठी सैन्याची चाल ठरवणारे हात मात्र बहुतेक वेळा इंग्लंड-अमेरिकेतले असतात, ही खटकणारी गोष्ट आहे.

ठाणे-कल्याण परिसराला तर विषय शोधायला लांब जाण्याचे कारणच नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतले आणि आरमाराची सुरुवात या खाडीत झाली. चिमाजी आप्पांची वसईची मोहीम, जी १७३९ साली सुरुंग लावून तट फोडण्यापर्यंत गेली, तिचा आरंभ १७३७ साली ठाणे घेऊन झाला, जेव्हा पोर्तुगीजांनी काही वर्षांपूर्वी बांधायला घेतलेला किल्ला अजून पुरा व्हायचा होता. हाच किल्ला डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला. आणि १७८० साली इंग्रजांनी मलंगगडाला वेढा घातला तेव्हा वरचा बालेकिल्ला त्यांना दाद देईना. ठाण्याच्या लढाईत कोपरीच्या मुलांना पुस्तकाशिवाय ठाऊक असलेला एक घटक आहे, तो म्हणजे भरती-ओहोटी. प्रत्येक चौथ्या फेरीला खाडीचे पाणी चढावे, गलबतांना तटाजवळ जाता यावे, आणि ओहोटीला तीच गलबते चिखलात रुतावीत, एवढा एक नियम केला तरी खेळ स्थानिक होतो, आणि सेनापतीला घड्याळाबरोबर तिथीही पाहावी लागते. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह असल्याने सरळमार्गी नागरिकाला तो आतून पाहण्याचा योग दुर्मीळच. मेजावरची प्रतिकृती हा त्यातल्या त्यात सन्मानाचा मार्ग आहे.

खर्चाची सबब पुढे येते आणि ती अंशतः खरी आहे, कारण परदेशी धातूचे वा प्लास्टिकचे शिपाई महाग पडतात आणि पुन्हा रंगवावे लागतात. पण ज्या कुंभाराकडे मावळ्याचा साचा आहे त्याला गारद्याचा साचा करणे अवघड नाही. मागणी नाही म्हणून तो करत नाही. मोजपट्टी, चार फासे आणि दोन पाने नियम यांपलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. जागेचे म्हणावे तर ठाण्यात १८९३ पासूनचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, कल्याणात त्याहूनही जुने सार्वजनिक वाचनालय आहे, आणि जेथे बखरी व रियासतीचे खंड हाताशी आहेत तेथेच मेज मांडले तर वाद झाल्यावर कपाटाकडे धाव घेता येते. असे वाद हा या खेळाचा सर्वांत मोलाचा भाग असतो. घोडदळ चिखलातून किती वेगाने जाईल यावर दोन मित्र अर्धा तास भांडतात तेव्हा ते नकळत इतिहासाची साधने तपासत असतात.

तेव्हा किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी येत्या दिवाळीत एक बक्षीस वेगळे ठेवावे: ज्या किल्ल्यावर भाऊबीजेच्या दिवशी प्रत्यक्ष वेढा खेळला जाईल, दोन्ही बाजूंना खेळगडी असतील आणि नियम एका कागदावर लिहिलेले असतील, त्या किल्ल्यासाठी. आणि बाजारात साच्यांचे काम करणाऱ्यांकडे, मावळ्यांच्या बरोबरीने, समोरच्या सैन्याचीही मागणी नोंदवावी.