समासातली गोईण

माझ्याकडची ‘गोईण’ची प्रत आता चारचौघांत काढायला लाज वाटावी अशी झाली आहे. कणा दोनदा डिंकाने चिकटवलेला, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट, आणि आत समासात पेन्सिलीच्या नोंदी, चार-पाच वेगवेगळ्या हातांच्या. उसनं दिलेलं पुस्तक परत येत नाही ही वाचकांची जुनी रड. हे पुस्तक दर वेळी परत येतं, फक्त गेलं तसं येत नाही.

गडचिरोलीत आमच्या घराच्या छपरीत महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा-सात जण जमतो. एक परिचारिका, एक वनरक्षक, कॉलेजात मराठी शिकवणारे सर, बँकेतून निवृत्त झालेले काका, अंगणवाडीताई, आणि मी. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की वनरक्षकाची जागा रिकामी असते, पावसाळ्यात साथ आली की परिचारिकेची. नियम एकच. आवडलेलं पुस्तक आणायचं आणि ‘छान आहे’ म्हणून सुटायचं नाही. कुठे छान आहे ते पान उघडून दाखवायचं.

‘गोईण’ अंगणवाडीताईंकडे पहिल्यांदा गेलं आणि परत आलं तेव्हा मोहाच्या मजकुराशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ‘आमच्याकडे टोरी’. मोहाच्या बीला टोळी म्हणतात. झाडीबोलीला ‘ळ’ मानवत नाही, तिथे त्याचा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा होतो, तशी टोळीची टोरी. मी खोडरबर डब्यातून काढलं, तेवढ्यात लक्षात आलं की ताईंनी चूक काढलेलीच नाही. त्यांनी पुस्तकाला उत्तर दिलं होतं : तू सांगतेस ते मला ठाऊक आहे, आमच्यात त्याला असं म्हणतात. खोडरबर पुन्हा डब्यात गेलं.

डॉ. राणी बंग यांच्या या पुस्तकाचं अर्धं सौंदर्य त्याच्या नावात आहे. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. झाडाला देव म्हणणं आपल्याला नवं नाही. आपण वडाला फेऱ्या घालतो, तुळशीचं लग्न लावतो. झाडाला आई म्हणणंही कवितेत भरपूर झालं. पण देवापुढे हात जोडावे लागतात, आईपुढे मान खाली घालावी लागते. मैत्रिणीच्या शेजारी नुसतं बसता येतं. तिच्याशी अबोला धरता येतो, अडीनडीला मूठभर काही मागता येतं, आणि सासरी कुणाला न सांगितलेलं तिला सांगता येतं. नाव ठेवतानाच लेखिकेने नात्याची उंची ठरवून टाकली आहे : बाई आणि झाड एकाच जमिनीवर, खांद्याला खांदा लावून.

म्हणून पुस्तकाचा प्रकार सांगताना आमची पंचाईत झाली. वनस्पतींचं म्हणावं तर झाडाची ओळख पान, फूल, फळ एवढ्यावर थांबत नाही; ती बाईच्या चुलीपाशी येते, तिच्या पाळीशी, बाळंतपणाशी, दुखण्याशी बोलते. औषधांचं म्हणावं तर त्यात रीतीभाती आणि समजुतीही आहेत. लोकसाहित्य म्हणावं तर लिहिणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मराठीच्या सरांनी शेवटी सांगितलं, “याचा प्रकार शोधू नका. दोन बाया बांधावर बसून बोलतात, त्याला आपण कुठे प्रकार म्हणतो?”

या बोलण्यात लेखिका कुठे बसली आहे हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. परदेशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९८०च्या दशकात त्या आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले, ‘सर्च’ ही संस्था उभी केली. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हा आकडा जगभर चर्चिला गेला. मला त्या आकड्यातून एक वेगळंच चित्र दिसतं. एवढ्या बाया एवढी वर्षं दुखणं अंगावर काढत होत्या, आणि कुणी विचारलं नव्हतं. विचारणारी आली तेव्हा ती आधी गप्प बसायला शिकली असणार. बाई दुखण्याकडे थेट येत नाही. पाऊसपाणी, शेती, मोह यंदा किती पडला, असं फिरत फिरत येते. त्या वाटेवर झाडं भेटतात. डॉक्टरने वाट तोडली असती तर ‘गोईण’ लिहिलंच गेलं नसतं.

राणीताईंच्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे, आणि मला वाटतं गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या चांगल्या पुस्तकांची गुरुकिल्ली त्या एका शब्दात आहे. ऐकणं वेगळं, कानोसा घेणं वेगळं. ऐकताना समोरचा आपल्यासाठी बोलत असतो. कानोसा घेताना दार अर्धं लोटलेलं असतं, पलीकडचं बोलणं आपल्यासाठी नसतं, आणि ते कळायला आधी आपलाच श्वास हळू करावा लागतो. रानात वाघाचा माग काढणाराही हेच करतो. इथली पुस्तकं लिहिणारे बहुतेक बाहेरून आलेले, शिकलेले, शहरी मराठीतले. ज्यांनी स्वतःचा आवाज खाली घेतला, त्यांची पुस्तकं टिकली.

मग आम्ही प्रत्येकाने आणलेलं पुस्तक या कसोटीवर लावून पाहिलं. वनरक्षकाने ‘प्रकाशवाटा’ आणलं होतं. डॉ. प्रकाश आमटे यांची ही जीवनकहाणी. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा तिथे ना वीज, ना धड रस्ता. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की गावंच्या गावं आजही तुटतात. वनरक्षकाने काढून दाखवला तो माकडाचा प्रसंग. शिकारी मारलेली माकडीण घेऊन चालले आहेत, तिचं जिवंत पिल्लू तिला बिलगलेलं आहे. ते पिल्लू मागून घेतलं गेलं आणि तिथून प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. “यात शिकाऱ्याला कुठे नाव ठेवलं नाही बघा,” वनरक्षक म्हणाला. रोज शिकारीची प्रकरणं पाहणाऱ्या माणसाने हे टिपावं, याचं मला अप्रूप वाटलं. प्रसंग असा आहे की कुठल्याही लेखकाला डोळ्यांत पाणी आणायचा मोह व्हावा. इथे भूक शिकाऱ्याच्या पोटात आहे आणि पिल्लाच्याही, आणि दोन्ही भुका एका ओळीत बसवून लेखक पुढे निघतो. गद्य अगदी साधं, कपडे कमी केलेल्या माणसासारखं. हेमलकशात बनियन आणि अर्ध्या चड्डीवर राहिलेल्या आमटेंची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुस्तक वाचताना वाटतं, त्यांच्या वाक्यांनीही तोच पोशाख केला आहे.

त्याच वनरक्षकाने मारुती चितमपल्लींचा विषय काढला तेव्हा काका म्हणाले, “ते तर नागझिरा-नवेगावबांधचे, आपले कुठे?” वैनगंगेला वरच्या आणि खालच्या अंगाचं रान वेगळं कळत नाही, असं उत्तर मिळालं. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द चितमपल्लींमुळे मराठी वाचकाच्या तोंडी आले. वनखात्याच्या नोकरीत राहून ज्याने रजिस्टरासोबत शब्दांचीही नोंद ठेवली, तो वनरक्षकाला आपला वाटणारच.

काकांनी आणलेली कादंबरी होती विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’, आणि तिच्यावरून छपरी तापली. काकांचं म्हणणं, ती एका बाजूला झुकते. परिचारिकेचं म्हणणं, ती कुणाची बाजू घेत नाही, ती कसं घडलं ते दाखवते. मग तिने नावाची फोड केली, ती मी विसरणार नाही. ती म्हणाली, “यात ‘जन्म’ आहे. जन्म म्हटला की कळा आल्या, आणि कळा म्हटल्या की सुईण आली. कादंबरी विचारते, सुईण कोण?” साधा माडिया आदिवासी तरुण बंदूक हातात घेईपर्यंतच्या वाटेवर कोण कोण भेटलं, कुणी नाडलं, कुणी फसवलं, कुणी हात दिला, हे वाचताना तो प्रश्न पानोपानी पाठ सोडत नाही. आणि त्या नावातलं ‘एका’ही तितकंच महत्त्वाचं. नक्षलवादाचा जन्म असं नाव असतं तर तो प्रबंध झाला असता. ‘एका’ म्हटल्याबरोबर त्याला आई मिळते, गाव मिळतं. काकांनी मत बदललं नाही, पण पुस्तक पुन्हा घरी नेलं.

परिचारिकेची स्वतःची निवड ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ ही होती. १९९५मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला, त्याची ही हकीगत. महाराष्ट्रात घरोघरी गेलेल्या या पुस्तकाबद्दल नवं काय सांगणार? तिने एवढंच दाखवलं की ‘साक्षात्कार’ हा संतांचा शब्द रोगाच्या गळ्यात बांधला आहे. गावोगाव लोकांच्या दुखण्याचा कानोसा घेणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या छातीचा कानोसा घ्यायला उशीर झाला, ही त्यातली हळवी जागा. आरोग्यावरचं पुस्तक असं आत्मपरीक्षणासारखं वाचलं जातं ते त्यामुळेच.

सरांनी मिलिंद बोकील यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवली : ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि ‘कहाणी पाचगावची’. मेंढा (लेखा) हे गाव आमच्या धानोरा तालुक्यातलं, पाचगाव पलीकडे चंद्रपूरच्या गोंडपिपरीतलं. वनहक्क, बांबू, ग्रामसभा हा विषय तसा सरकारी कागदाचा, वाचकाला जांभई आणणारा. बोकील एकाला गोष्ट म्हणतात, दुसऱ्याला कहाणी. गोष्ट अंथरुणात ऐकायची. कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकायची आणि पाचा उत्तरी संपायची. पाचगावाला कहाणीच शोभते, असं सर हसत म्हणाले. पण त्या दोन शब्दांमागे विचार आहे. जंगलावर गावाचा हक्क मान्य होणं हे तिथल्या लोकांसाठी व्रत पुरं होण्यासारखंच होतं. मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बोकील हे सगळं कादंबरीकाराच्या सवयीने सांगतात. कायद्याचं कलम येतं तेव्हा त्यामागून माणूसही येतो.

मेंढ्याकडून आमच्या छपरीने एक गोष्ट उचलली. तिथे ग्रामसभेत हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळ्यांना पटेपर्यंत बोलतात, आणि त्याआधी अभ्यास गटात विषय घोळवतात. आम्हीही पहिल्या वर्षी वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक निवडायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निकाल लागला आणि बोलणंच संपलं. तेव्हापासून चिठ्ठ्या बंद. काका आणि परिचारिका त्या कादंबरीवर तीन रविवार भांडले, आणि त्या तीन रविवारांत बाकीच्यांनी ती वाचून काढली.

एक रुखरुख मात्र राहते. कानोसा कितीही हळुवार घेतला तरी दार अर्धं लोटलेलंच असतं. १९७९मध्ये चंद्रपूरला वामन चोरघड्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन. पलीकडून बोलणं सुरू झालं होतं. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’, उषाकिरण आत्राम यांचा ‘म्होरकी’ हे कवितासंग्रह वाचताना कानोसा घ्यायची गरजच उरत नाही. आवाज समोरून, पूर्ण उंचीने येतो. आमच्या छपरीत हे संग्रह फार उशिरा आले, आणि ते आमच्याच वाचनाचं उणं. ऐकणाऱ्यांची पुस्तकं आम्ही आधी वाचली, बोलणाऱ्यांची नंतर.

ताईंच्या पेन्सिलीकडे मी आता त्याच नजरेने बघते. छापील मजकुरात जे ऐकून लिहिलं गेलं, त्याच्या शेजारच्या दोन बोटं जागेत ज्यांचं ऐकलं गेलं ती माणसं स्वतः लिहू लागली आहेत. “मॅडम, यात आमची टोरी हाये,” ताई पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी मालकीही.

मध्यंतरी काकांना त्या प्रतीची दया आली आणि त्यांनी कोरी करकरीत प्रत आणून दिली. ती कपाटात आहे. नेऊ का म्हणून विचारणारा प्रत्येक जण जुनीकडे बोट दाखवतो. गेल्या महिन्यात जुनी प्रत परत आली तेव्हा एका झाडाशेजारी नवी नोंद होती, अक्षर ओळखीचं नव्हतं : ‘हे आमच्या बांधावर होतं. रस्त्यात गेलं.’ त्याखाली ताईंच्या बारीक अक्षरात : ‘कोणतं गाव?’

प्रत पुन्हा बाहेर गेली आहे.