उंदराचे मूत्रपिंड आणि अर्धवट बातमी

विज्ञानविषयक बातम्यांत दोन वाक्ये वरचेवर भेटतात: ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ आणि ‘उंदरांच्या मूत्रपिंडाला अपाय’. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. पण ती अर्धवट असतात. रेमडेसिविर या विषाणुविरोधी औषधाच्या उदाहरणावरून हे तपासून पाहू.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात या इंजेक्शनचा तुटवडा पडला. मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीसारख्या गावांपासून मुंबईपर्यंत हे नाव लोकांच्या तोंडी झाले. औषधाच्या माहितीपत्रकातील प्राण्यांविषयीचा मजकूर मात्र चर्चेत क्वचितच आला. उंदरांना किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम किंवा अधिक औषध चार आठवड्यांपर्यंत शिरेतून दिले, तेव्हा मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या खुणा दिसल्या. माकडांत तर ७ दिवसांतच मूत्रनलिका आक्रसल्या आणि रक्तातील युरिया व क्रिएटिनिन वाढले.

यावर ठरलेले उत्तर असे, की प्राण्यांना भरमसाट औषध देतात, म्हणून असे होते. येथे ते टिकत नाही. माणसाला पहिल्या दिवशी २०० व नंतर रोज १०० मिलिग्रॅम देतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला नंतरच्या दिवसांत किलोमागे सुमारे १.७ मिलिग्रॅम मिळते. उंदराचा डोस यापेक्षा जास्त दिसतो खरा. पण औषधाचे रूपांतर होऊन रक्तात जो मुख्य पदार्थ फिरतो, त्याचे उंदरातील प्रमाण माणसातील प्रमाणाच्या केवळ ०.३ पट होते. तरीही इजा झाली! किलोमागचा डोस ही तुलनेची पुरेशी मोजपट्टी नव्हे, हा धडा यातून मिळतो.

मग माणसाला धोका अधिकच, असे समजावे काय? तेही घाईचे ठरेल. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी असलेल्यांना हे औषध देऊ नये, असा सल्ला आरंभी अमेरिकी माहितीपत्रकात होता. पुढे अशा रुग्णांवरच चाचण्या झाल्या. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हे बंधन काढले आणि डायलिसिसवरील रुग्णांनाही डोस न बदलता औषध देण्यास मान्यता दिली.

म्हणून उंदरांवरील प्रयोग फुकट गेला असे नाही. कोठे लक्ष ठेवावे हे त्याने सांगितले. उत्तर मात्र माणसांवरील निरीक्षणांतूनच यावयाचे होते.

आपल्या विज्ञानलेखनातील ढिलाई भाषेपासूनच सुरू होते. ‘रॅट’ आणि ‘माऊस’ या दोन वेगळ्या जाती, पण मराठीत दोघेही ‘उंदीर’. तेव्हा वर्गात अशी बातमी आली, की विद्यार्थ्यांना विचारू द्यावे: प्राणी कोणता? औषध कोणत्या मार्गाने, किती दिवस दिले? रक्तात किती पोहोचले? औषध न दिलेल्या प्राण्यांचे मूत्रपिंड कसे होते? आणि माणसांत काय आढळले? ही उत्तरे ज्या बातमीत नाहीत, तिच्यावरून औषधाला तारकही म्हणू नये आणि मारकही.