आत्मरतीचे मापन आणि वाक्यांचा अर्थ

आत्मरती मोजण्यासाठी रॅस्किन व हॉल यांनी १९७९ साली एक प्रश्नावली सिद्ध केली. रॅस्किन व टेरी यांनी १९८८ मध्ये तिला जे रूप दिले, त्यात वाक्यांच्या ४० जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतील एक वाक्य निवडावयाचे, आणि आत्मरतिदर्शक निवडींची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीचा गुणांक. पद्धत सुटसुटीत खरी. परंतु एकच वाक्य सर्वांच्या मुखी एकच अर्थ धारण करते, हे तिचे गृहीतक भाषाशास्त्रास मान्य होण्यासारखे नाही.

एक जोडी पाहावी. आपण ठामपणे वागतो असे म्हणणारास एक गुण. अधिक ठामपणा अंगी यावा अशी इच्छा करणारास शून्य. वस्तुतः ठामपणा हा दोष नव्हे. इतरांना आपल्या स्वार्थासाठी राबविण्याची वृत्ती त्याहून सर्वस्वी भिन्न. पण बेरजेत दोहोंचे मोल सारखेच.

अमेरिकन विद्यार्थ्यांत हा गुणांक वाढत चालला आहे, असे ट्वेंगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रतिपादिले. वेट्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९९० नंतरच्या तीन दशकांतील उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा अनेक वाक्यांचे आकलनच काळानुसार पालटल्याचे आढळले. तो फरक वगळता वाढ नव्हे, किंचित घटच दिसली. तरुण पिढीवर दोषारोप करण्यापूर्वी हा निष्कर्ष विचारात घेणे अगत्याचे आहे.

मराठी रूपांतर करू पाहणारासही हाच इशारा. ‘ठाम’ऐवजी ‘आग्रही’ शब्द योजताच प्रशंसा निंदेकडे झुकते. तेव्हा आधी अर्थाची परीक्षा व्हावी, मग गुणांची बेरीज.