पाहणाऱ्याचे क्रियापद : स्पॅनिश-मराठी भूतकालवाचक धातुसाधिते आणि ‘माझा प्रवास’

स्पॅनिशच्या प्राथमिक व्याकरणात भूतकालवाचक धातुसाधिताची दोन कार्ये शेजारीशेजारी सांगितली जातात. नामाचे विशेषण म्हणून ते लिंगवचनानुसार बदलते. ‘आबेर’ या सहायक क्रियापदासह पूर्ण काळ सिद्ध करताना ते अविकारी राहते. ‘लास कार्तास एस्क्रितास’, म्हणजे ‘लिहिलेली पत्रे’, येथे धातुसाधित स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. ‘ए एस्क्रितो लास कार्तास’, म्हणजे ‘मी पत्रे लिहिली आहेत’, येथे मात्र पत्रे कितीही असोत, रूप ‘एस्क्रितो’ हेच. मराठी अभ्यासकाला हा नियम केवळ पाठांतराचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः अनुभवकथनात भाषा साक्षीदाराला कोठे उभे करते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’सारख्या ग्रंथाचा तौलनिक विचार करताना तो टाळता येत नाही.

स्पॅनिशमधील ही विभागणी मूळची नव्हे. ‘आबेर’चा आद्य अर्थ ‘जवळ असणे’ असा होता. ‘मजजवळ लिहिलेली पत्रे आहेत’ या रचनेतून ‘मी पत्रे लिहिली आहेत’ हा अर्थ विकसित झाला. त्यामुळे ‘कांतार दे मियो सिद’ या मध्ययुगीन काव्यात धातुसाधित कर्माशी जुळलेले अनेकदा आढळते. आंतोनियो दे नेब्रिखाने 1492 मध्ये कास्तीली भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा ‘आबेर’सोबतचे गोठलेले रूप त्याला इतके वेगळे भासले की त्याने त्याची स्वतंत्र शब्दजाती मानली. गत्यर्थक अकर्मक क्रियापदे जुन्या भाषेत ‘सेर’ या सहायकासह येत व कर्त्याशी जुळत. ती पद्धतीही पुढे लोपली. आज कर्त्याचा पुरुष सहायकात आणि कृती अविकारी धातुसाधितात, अशी व्यवस्था स्थिरावली आहे. ‘ए विस्तो’ (पाहिले आहे) एवढे म्हणताच पाहणारा ‘मी’ आहे हे सर्वनामावाचून कळते.

मराठीने उलट वाट धरली आहे. ‘पाहिलेली गावे’ आणि ‘गावे पाहिली आहेत’ या दोन्ही रचनांत धातुसाधित कर्माचेच अनुयायी आहे. विशेषणासाठी ‘-लेला’ हा विस्तारित प्रत्यय वेगळा झाला, तरी पूर्ण काळातील ‘-ला’ने आपले विशेषणत्व सोडलेले नाही. एवढेच नव्हे, सहायक ‘असणे’देखील कर्मालाच अनुसरते. ‘मी’ हे सर्वनाम गाळले की ‘गावे पाहिली आहेत’ या क्रियारूपावरून पाहणारा कोण हे सांगता येत नाही. अकर्मक क्रियापदांचे तसे नाही. ‘निघालो’, ‘आलो आहे’, ‘राहिलो होतो’ यांत बोलणाऱ्याचा पुरुष, वचन आणि बहुधा लिंगही उमटते. म्हणजे मराठी प्रवासी चालताना क्रियापदात दिसतो, पाहताना दिसेनासा होतो. ‘बोलणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’ यांसारखे अपवाद आहेत. पण प्रवासवर्णनाचा कणा असलेले ‘पाहणे’ त्यांत नाही. कर्माला ‘ला’ लागून भावे प्रयोग झाला, तर ‘राणीला पाहिले आहे’ असे नपुंसकलिंगी एकवचन येते. तेथे मराठी स्पॅनिशच्या अविकारी रूपाजवळ पोहोचते. परंतु तेव्हाही क्रियापद पाहणाऱ्याचे होत नाही.

ही व्यवस्था एकट्या मराठीची नाही. झाशी जिल्ह्यातील गरौठा तहसिलीच्या बुंदेलीतही सकर्मक भूतकाळात कर्ता ‘ने’ घेतो आणि क्रियापद कर्माकडे वळते. याच तहसिलीतील गुरसराय येथे दक्षिणी ब्राह्मण जहागीरदारांचे घराणे नांदत होते. बुंदेलखंडातील अशा मराठी घराण्यांच्या कानांवर पडणाऱ्या दोन्ही भाषा या बाबतीत सजातीय होत्या. कोकणातील वरसईहून निघालेले गोडसे भटजी याच प्रदेशात आले आणि 1858 मधील झाशीचा वेढा व पाडाव त्यांनी शहरात राहून पाहिला. 1883 मध्ये त्यांनी तो वृत्तांत लिहिला. अमृतलाल नागर यांनी आपल्या हिंदी अनुवादाला ‘आँखों देखा गदर’ हे नाव दिले. मूळ शीर्षकातील ‘माझा’ गेला आणि त्याच्या जागी धातुसाधित विशेषण आले. गदर ‘देखा’ आहे. देखणारा शीर्षकाबाहेर आहे. स्पॅनिश अनुवादकाला ‘विस्तो’ हे विशेषण वापरून असे शीर्षक करता येईल. ग्रंथात मात्र प्रत्येक ‘पाहिले’ला पुरुषवाचक प्रत्यय द्यावा लागेल, आणि मुळात नसलेला आग्रही ‘मी’ पानोपानी उभा राहील.

हा फरक बेर्नाल दियास देल कास्तियोच्या ग्रंथाशी तुलना करताना स्पष्ट होतो. मेक्सिकोच्या स्वारीत (1519-21) तो शिपाई होता. वृत्तांत त्याने उतारवयात लिहिला आणि तो 1632 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. मेक्सिको न पाहता इतिहास लिहिणाऱ्या लोपेस दे गोमाराला उत्तर देणे हा त्याचा एक हेतू होता. प्रत्यक्षदर्शित्वाचा हा दावा त्याच्या भाषेत क्रियापदाच्या पुरुषातूनच होतो. आधीच्या मजकुराचा हवाला देताना तो ‘तेनेर’ (जवळ असणे) या क्रियापदासह धातुसाधित वारंवार योजतो. सांगितलेले जणू त्याच्या मालकीचे असते. मराठीत या रचनेच्या निकट जाते ते ‘माझी झाशी पाहिलेली आहे’ हे वाक्य. तेथे अनुभव षष्ठीने जोडला जातो. क्रियापद तरीही झाशीचेच राहते.

यावरून मराठी निवेदक स्वभावतः नम्र आणि स्पॅनिश निवेदक अहंमन्य, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. व्याकरण वृत्ती ठरवीत नाही. वृत्ती व्यक्त करण्यासाठी कोणते श्रम पडतील, एवढे ठरवते. जे बेर्नालला प्रत्ययाने साधते, त्यासाठी मराठी लेखकाला सर्वनाम, ‘स्वतः’, ‘डोळ्यांनी’ अशी पदे मुद्दाम योजावी लागतात. म्हणून ती जेथे येतात तेथे थांबून वाचले पाहिजे. मात्र असे वाचन कोणत्या संहितेवर करायचे, हा प्रश्न आधीचा आहे. चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला तो फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती 1966 मध्ये निघाली. ज्या अभ्यासात एका ‘मी’च्या असण्यानसण्यावर साक्षीचे मोल ठरते, त्याला संपादकाचा ‘मी’ आणि भटजींचा ‘मी’ वेगळे केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.